फजितीचे वाटेकरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात एक शब्द होता, ‘फजीहत’. अम्मी तो कपाळाला हात लावून उच्चारायची. उधारी वेळेवर फिटली नाही, शेजाऱ्यांशी भांडण झालं, पाहुण्यांच्या चहाला साखर कमी पडली, की ती म्हणायची, ‘फजीहत हो गई.’ मग तासभर घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. पुढे मी मराठी शाळेत जाऊ लागलो आणि तिथे हाच शब्द मला ‘फजिती’ होऊन भेटला. ‘काय फजिती झाली म्हणून सांगू!’ असं म्हणून लोक चक्क हसायचे. मूळ शब्द अरबीतला. फारसी-उर्दूच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. उर्दूत त्याचा अर्थ बेअब्रू. मराठीत आल्यावर मात्र त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. मराठीनं त्याला हसायला शिकवलं, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे.

आज मी बोलणार आहे ते या फजितीबद्दलच. चारचौघांत, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना होणाऱ्या फजितीबद्दल. कवी म्हणून गेली तीसेक वर्षं स्टेजवर चढतो-उतरतो आहे, त्यामुळे या विषयात माझा अधिकार बऱ्यापैकी आहे. खुर्ची मोडली आहे, माइक बंद पडला आहे, अध्यक्षांनी माझ्या कवितेच्या ऐन रंगात येऊन ‘एका ट्रॅक्टरमुळे रस्ता अडला आहे, मालकानं तो हलवावा’ अशी घोषणाही केली आहे. पण आज तीनच प्रसंग सांगतो. पहिल्यात मी वाचलो, दुसऱ्यात मी चुकलो आणि तिसऱ्यात थोडं शिकलो.

पहिला प्रसंग १९८० नंतरच्या एक-दोन वर्षांतला. मी अकरा वर्षांचा असेन. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा नव्हता. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. आम्ही तेव्हा भंडारा जिल्ह्याचेच. गाव छोटं, शाळा कौलारू, आणि वर्गात मुसलमान मुलगा मी एकटा. एकनाथषष्ठीचा दिवस होता. गुरुजी रंगून नाथांची गोष्ट सांगत होते. तुम्हा सर्वांना ती ठाऊक असेल. पैठणला नाथ गोदावरीत स्नान करून घरी निघाले की वाटेत एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ काही न बोलता परत फिरायचे आणि पुन्हा स्नान करून यायचे. तो पुन्हा थुंकायचा. कुणी सांगतात, असं एकशे आठ वेळा झालं. शेवटी तोच थकला, ओशाळला आणि पाया पडला. तेव्हा नाथ त्याला म्हणाले, की बाबा रे, तुझ्यामुळे आज मला इतक्या वेळा गोदास्नानाचं पुण्य मिळालं.

परंपरेनं चालत आलेली ही कथा आहे. त्यात तो थुंकणारा माणूस यवन असतो. गुरुजी ओघात होते. ‘आणि तिथे एक यवन बसायचा,’ असं ते म्हणाले मात्र, सगळ्या वर्गाच्या माना एकदम वळल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. त्या मुलांच्या मनात वाईट काही नव्हतं. ‘यवन’ म्हणजे कोण, हे त्यांना कळलं होतं आणि तसा एक त्यांच्या वर्गात बसलेला होता, एवढंच. पण मला वाटलं, पैठणच्या त्या रस्त्यावर मीच बसलो होतो. कान तापले. हातातली पाटी कुठे ठेवावी ते कळेना.

गुरुजी थांबले. क्षणभरच. मग म्हणाले, ‘अरे, तिकडे काय बघता? नाथांवर थुंकणारा एकटाच होता. नाथांना वाळीत टाकायला निघालेले पैठणचे पंडित मात्र किती होते! आणि ते सगळे माझ्यासारखे शेंडी-जानव्याचे होते. बघायचंच तर माझ्याकडे बघा.’ एवढं बोलून त्यांनी शेंडी चाचपली आणि भ्यायल्यासारखा चेहरा केला. वर्ग खदखदून हसला. सगळ्या माना तिकडे वळल्या. मीही हसलो. मग त्यांनी सांगितलं, की याच नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ नावाचं एक भारूड लिहिलं आहे. त्यात दोघं कडाकडा भांडतात, एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी गळ्यात गळा घालतात.

त्या वयात मला एवढंच समजलं, की गुरुजींनी मला वाचवलं. कसं वाचवलं ते समजायला पुढची वीस वर्षं लागली. त्यांनी कुणाला दटावलं नाही. ‘असं बघू नये’ असा उपदेश केला असता तर चाळीस मुलं गप्प झाली असती आणि मी त्या शांततेत आणखीच उघडा पडलो असतो. गुरुजींनी माझ्या वाट्याची फजिती उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तिचं हसू करून टाकलं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, नाथांनीही तेच केलं होतं. फजिती खरं तर नाथांची व्हायला हवी होती. रस्ताभर लोक बघत होते. पण शेवटी ओशाळला तो माणूस, आणि त्याच्या ओशाळेपणातूनही नाथांनी त्याला सोडवलं. ‘तू मला त्रास दिलास, पण मी क्षमा करतो,’ असं ते म्हणाले नाहीत. ‘तुझे माझ्यावर उपकार आहेत,’ असं म्हणाले. क्षमा करणारा थोडा वर उभा असतो. नाथ त्या माणसाच्या बरोबरीनं उभे राहिले.

आता दुसरा प्रसंग. हा सांगताना अजूनही जड जातं.

साल २००२ च्या आसपास. एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. माझं नाव तोवर आमच्या भागात थोडंफार झालं होतं. सूत्रसंचालन एका तरुण शिक्षकाकडे होतं. नवा कोट, हातात जपून धरलेल्या चिठ्ठ्या. माझी पाळी आली तेव्हा ते म्हणाले, ‘आता येत आहेत उर्दूचे नामवंत शायर, ज्यांनी आज खास आपल्यासाठी मराठीत लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.’

श्रोतेहो, मी मराठीतच बी.ए. केलं. उर्दू मला ऐकून समजते, लिपी अडखळत वाचतो. आमच्यासारख्यांना जन्मभर भेटणारं एक वाक्य आहे : ‘अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!’ बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण अजून ओसरीवरच आहोत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहून चार शतकं होत आली. संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आमच्याच विदर्भात डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या ‘मिर्झा एक्सप्रेस’नं वऱ्हाडी बोलीतून गावंच्या गावं हसवली. तरीही ते वाक्य भेटतंच. तर त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी माइक घेतला आणि म्हणालो, ‘सूत्रसंचालकांनी माझी एकही कविता वाचलेली नाही, हे स्पष्ट दिसतं आहे. माझी काही तक्रार नाही. मला काळजी वाटते ती फक्त त्यांच्या वर्गातल्या मुलांची.’

हशा असा पिकला, की मंडप डोक्यावर आला. टाळ्या पडल्या. माझी कवितासुद्धा त्या दिवशी जोरात झाली. ‘काय हाणला!’ म्हणून लोकांनी पाठ थोपटली. मलाही वाटलं, अपमानाला विनोदानं उत्तर द्यावं ते असं.

कार्यक्रम संपल्यावर मी चपला शोधत होतो. शेजारी त्या शिक्षकाची सहा-सात वर्षांची मुलगी आईचा पदर धरून उभी होती. पहिल्यांदाच बाबा माइकवर बोलणार म्हणून सगळं घर आलं होतं. ती आईला विचारत होती, ‘बाबांना सगळे का हसले?’ आई काही बोलली नाही. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

पुढे त्या भागातल्या कार्यक्रमांत ते शिक्षक मला अनेकदा दिसले. खुर्च्या लावताना, पाहुण्यांना पाणी देताना. माइकपाशी मात्र पुन्हा कधी नाही. दहा-बारा वर्षांनी गोंदियाच्या स्टेशनवर गाठ पडली. मी धीर केला आणि म्हणालो, ‘सर, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. मला माफ करा.’ ते म्हणाले, ‘त्यात काय एवढं! तुमचं बरोबरच होतं. मी वाचलं नव्हतं. नंतर तुमचे दोन्ही संग्रह आणून वाचले.’ हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, गाडीची वेळ दाखवणाऱ्या पाटीकडे बघत होते. त्यांनी संग्रह विकत घेऊन वाचले होते, हे ऐकून मला जे वाटलं ते मी अजून कवितेत आणू शकलेलो नाही.

त्यांची चूक होती का? होती. माझा राग खोटा होता का? नव्हता. पण त्यांची चूक अजाणतेपणाची होती आणि माझा वार जाणूनबुजून केलेला होता. ‘अहो सर, मी उर्दूत लिहायचा प्रयत्न केला तर उर्दूवाले मला पळवून लावतील, म्हणून तर इकडे आलो,’ एवढं म्हणालो असतो तरी दुरुस्ती झाली असती, लोक हसले असते आणि सरही हसले असते. मी विनोद केला, पण फजिती वाटून घेण्याऐवजी ती सगळी त्यांच्या अंगावर ढकलून दिली.

अर्थात प्रत्येक अपमान हसण्यावारी न्यावा असं मी म्हणत नाही. कुणी ठरवून, दुबळं माणूस बघून त्याला खाली पाडत असेल, तर तिथे हसणं म्हणजे पाडणाऱ्याला साथ देणं. तिथे सरळ शब्दांत ‘हे चालणार नाही’ म्हणावं. पण ठरवून केलेले अपमान आयुष्यात मोजके असतात. बाकी बहुतेक वेळा समोरचा आपल्यासारखाच घाबरलेला, घाम पुसणारा माणूस असतो. त्या दोहोंतला फरक ओळखायला एक श्वास पुरतो. तो एक श्वास मी त्या दिवशी घेतला नाही.

आता तिसरा प्रसंग. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर झाडीपट्टीत यावं लागेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून आम्ही झाडीपट्टी म्हणतो. धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, मंडई म्हणजे जत्रा. दिवसा दंडार, खडी गंमत, मिठाईची दुकानं. लेकी माहेरी येतात, सोयरे-धायरे जमतात. आणि रात्री नाटक. दहा-अकराला सुरू होणारं नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत लोक घोंगड्या, चादरी पांघरून हजारोंनी बसतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवणारे गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागात घरातल्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता.

मी या नाटकांच्या सावलीतच वाढलो. अब्बा शिंपीकाम करायचे. दिवाळीच्या तोंडावर गावच्या हौशी मंडळींचे राजे, सेनापती आमच्या ओट्यावर माप द्यायला यायचे. जुन्या शालूचा झगा अब्बा असा शिवायचे, की दिवसभर धान कापणारा माणूस रात्री खरोखर राजा दिसायचा. कॉलेजात असताना मीही दोन-तीन हंगाम सेनापतीचं काम केलं आहे. या नाटकांत एक फार महत्त्वाचा माणूस असतो, तो कधीच दिसत नाही. तो म्हणजे प्रॉम्प्टर. तालमींना वेळ कमी, नाटकं अनेक, आज एक तर उद्या दुसरं. तेव्हा विंगेत वही आणि बॅटरी घेऊन बसलेला प्रॉम्प्टर हा सगळ्या नाटकाचा प्राण. स्टेजवर शांतता पसरली, की त्यानं ओळ फेकायची आणि नटानं ती झेलायची. त्यात विचाराला जागा नसते. कानानं ऐकायचं, तोंडानं बोलायचं.

कोरोनाच्या आधीच्या वर्षांतली गोष्ट. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावच्या मंडईत नाटकाआधी माझा सत्कार ठेवला होता. सत्कार एकूण सतरा. माझी पाळी आली तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते आणि पब्लिक नाटकासाठी चुळबुळत होतं. शाल-श्रीफळ झालं. ‘दोन ओळी ऐकवा’ म्हणाले. मी माझी तलावावरची कविता सुरू केली. पन्नास वेळा म्हटलेली, अगदी तोंडपाठ. चार ओळी झाल्या आणि पाचवी गेली. कुठे गेली, का गेली, कळायला मार्ग नाही. मी पुन्हा चौथी ओळ म्हटली. पाचवी येईना. समोर तीन-चार हजार माणसं. माझ्या मागे खुर्च्यांवर पाहुण्यांची रांग. कुठूनतरी मुलाच्या पिपाणीचा आवाज आला आणि तोही थांबला.

अशा शांततेत माझ्या डावीकडच्या विंगेतून दबका पण खणखणीत आवाज आला : ‘महाराज, घात झाला! शत्रू वेशीपर्यंत आला!’

प्रॉम्प्टरकाका डुलकी घेत असावेत. सत्कारांची रात्र, म्हातारा माणूस. स्टेज मुकं झालं हे मात्र झोपेतही त्यांच्या कानांनी टिपलं आणि पुढ्यात उघडी असलेली वही त्यांनी वाचली. आणि मी? माझ्यातला तीस वर्षांपूर्वीचा सेनापती जागा झाला. विचार करायच्या आत मी छाती काढून, हात उंचावून लाऊडस्पीकरवर गरजलो, ‘महाराज, घात झाला! शत्रू वेशीपर्यंत आला!’

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मागे बसलेले प्रमुख पाहुणे दचकून उभे राहिले. ऑर्गनवाल्याला वाटलं नाटक सुरू झालं. त्यानं जोरदार लढाईची धून दिली. आणि मग अख्खा मंडप फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मी आयुष्यात अनेकदा टाळ्या घेतल्या आहेत, पण असा हशा कधी घेतला नव्हता. घेतला म्हणजे काय, माझ्यावर कोसळला.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई हसता हसता डोळे पुसत म्हणाली, ‘पानी पे गा बाबू, मंग सांग.’ कुणीतरी तांब्या दिला. पाणी पिताना माझी नजर विंगेत गेली. तिथे व्यवस्थापकानं प्रॉम्प्टरकाकांचा दंड धरला होता आणि तो दात-ओठ खात त्यांना काहीतरी सुनावत होता. काकांच्या हातातली बॅटरी खाली पडली होती. ते वाकून ती शोधत होते. बाहेर हशा चालूच होता. आणि मला स्टेशनवरचे ते शिक्षक आठवले, गाडीच्या पाटीकडे बघणारे.

या वेळी मी तो एक श्वास घेतला. माइकवर म्हणालो, ‘मंडळी, मी आत्ता तुमच्यासमोर अडकलो होतो. माझ्या मागं एवढे मान्यवर बसले आहेत. माझे मित्र आहेत, नातलग आहेत. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मदतीला धावला तो एकच माणूस. ओळ चुकली असेल, पण वेळ चुकली नाही. माझी विनंती आहे, की आता माझी कविताही त्यांनीच सांगावी.’ आणि खिशातला कवितेचा कागद काढून मी विंगेकडे गेलो.

टाळ्या वाजल्या. लोक ‘बाहेर या, बाहेर या’ म्हणू लागले. व्यवस्थापकानं दंड सोडला आणि काकांना पुढे ढकलू लागला. पण काका काही उजेडात यायला तयार होईनात. माझ्या हातून कागद घेतला, बॅटरी पेटवली आणि म्हणाले, ‘आमची जागा अंदरच हाय. तुमी तिकडं उभं रावा. मी देतो.’

मग काका आतून एकेक ओळ देत गेले आणि मी ती बाहेर म्हणत गेलो. लोकांना प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येत होती. एकदा विंगेतून हळू, एकदा लाऊडस्पीकरवर. मध्येच कुणी हसायचं, मीही हसायचो. पण कविता पूर्ण झाली. आणि खरं सांगतो, त्या कवितेतली तलावाची पाळ मी लिहिली तेव्हा मला जितकी दिसली नव्हती तितकी त्या आवाजात दिसली.

गोष्ट इथेच संपली नाही. रात्री दोनच्या सुमारास नाटकात तो प्रवेश आला. सेनापती धावत स्टेजवर आला, त्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि तो तोंड उघडणार एवढ्यात सगळ्या मंडपानं एका सुरात म्हटलं, ‘महाराज, घात झाला! शत्रू वेशीपर्यंत आला!’ बिचाऱ्या नटाची फजिती. पण तो झाडीपट्टीचा नट. त्यानं तलवार म्यान केली, महाराजांना मुजरा केला आणि म्हणाला, ‘महाराज, बातमी मी आणली होती, पण माझ्याआधी रयतच घेऊन आली.’ महाराजही हसले. नाटक पाच मिनिटं थांबलं आणि मग जोरात पुढे गेलं. त्या रात्री एका माणसाची फजिती हजारोंनी वाटून घेतली, आणि कुणाच्याच वाट्याला ती जड झाली नाही.

पुढे माझ्या भाच्यानं मोबाइलवर मला दोन गाणी दाखवली. एक एला फिट्झगेराल्ड या अमेरिकन गायिकेचं. १९६० सालच्या फेब्रुवारीत बर्लिनला ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली. थांबली नाही. आपण शब्द विसरलो आहोत, गाण्याची वाट लावतो आहोत, हेच तिनं जागच्या जागी सुरात बांधून गायलं. त्याच गायनाला पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दुसरं पॅटी स्मिथचं. १० डिसेंबर २०१६ रोजी स्टॉकहोमला नोबेलच्या समारंभात बॉब डिलनचं गाणं गाताना ती अडखळली. तिनं गाणं थांबवलं, क्षमा मागितली, ‘मी फार घाबरले आहे’ असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि पुन्हा सुरुवात केली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पुढे तिनं लिहिलं आहे, की दुसऱ्या दिवशी सकाळी नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञांनी येऊन तिच्या त्या धडपडीचं कौतुक केलं. एकीनं विनोद केला, दुसरीनं सरळ कबुली दिली. दोघींनी केली नाही ती एकच गोष्ट : वादकांवर, माइकवर किंवा दुसऱ्या कुणावर बोट दाखवलं नाही.

हजरजबाबीपणा सगळ्यांना जमतो असं नाही. तो नसला तरी चालतं. ‘विसरलो’ हा एक शब्द पुरतो. पण हजरजबाबीपणा असेल, तर तो वापरण्याआधी एकदा इकडेतिकडे बघून घ्यावं. आपल्या फजितीत आणखी कोण सापडलं आहे? कुणाच्या हातून बॅटरी पडली आहे? कुणाची लहान मुलगी समोर बसली आहे? हसवायचंच तर आधी त्याला मोकळं करावं.

त्या दिवशी पहाटे नाटक संपल्यावर चहाच्या टपरीवर प्रॉम्प्टरकाका भेटले. बशीत चहा ओतत होते. मी त्यांना म्हणालो, ‘काका, माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसली.’ ते म्हणाले, ‘चालते गा. चाळीस साल झाले, रोजच बसतात.’ मग मी विचारलं, ‘पण तुम्हाला दिसलं नाही का, की स्टेजवर नट नाही, दुसराच कुणी आहे?’

काकांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘अंदरून कोन हाय थे दिसत नाई, बाबू. कोनी अडकला, येवढंच समजते.’